सुटणारा डिंक

आमच्या कॉलेजच्या भौतिकी विभागात एक जुने काचेचे कपाट आहे. त्याच्या मधल्या फळीवर एका स्फटिकाचे दोन तुकडे ठेवलेले आहेत. एक तुकडा सुटा आहे आणि दुसरा एका लाकडी ठोकळ्याला घट्ट चिकटलेला आहे. कपाट पाहणारे विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, हा पडून फुटला का?" तो पडला नाही. तो पडू नये म्हणून मीच त्याचा जो बंदोबस्त केला, त्यामुळे तो फुटला.

हकिगत अशी. एका वर्षी स्नेहसंमेलनाच्या वेळी आम्ही विज्ञान-प्रदर्शन भरवले होते. नाशिक जिल्ह्यातल्या एका खेड्यातून येणारा प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी रुमालात गुंडाळून एक खडा घेऊन आला. त्याच्या शेतात विहीर खणताना काळ्या पाषाणातल्या पोकळीत तो सापडला होता. पाण्यासारखा स्वच्छ, अंगठ्याएवढा असा तो ॲपोफिलाइटचा स्फटिक होता. "प्रदर्शनापुरता ठेवा सर, मग परत न्यायचाय. आईनं देव्हाऱ्यात ठेवला होता," असे तो म्हणाला. गर्दीत टेबलाला धक्का लागेल आणि खडा पडेल, अशी मला भीती वाटली. म्हणून दोन नळ्यांतून येणारा एपॉक्सी गोंद कालवून मी तो ठोकळ्यावर पक्का बसवला. चार दिवस हजारो हात टेबलावर टेकले, पण खडा हलला नाही.

पाचव्या दिवशी तो परत द्यायचा होता आणि तो काही केल्या निघेना. शेवटी पातळ सुरीचे पाते खाली सरकवून मी हलकेच उचकटले. 'कट्' असा बारीक आवाज झाला. गोंदाचा सांधा जसाच्या तसा राहिला आणि स्फटिकच आरशासारख्या सपाट पृष्ठावर दुभंगला. मुलगा क्षणभर पाहत राहिला, मग म्हणाला, "राहू द्या सर. इथंच ठेवा आता."

माझे चुकले कोठे? गोंद वाईट नव्हता. त्याने आपले काम चोख केले होते. चूक होती ती निवडीत. शाळेच्या संग्रहालयातले खडे, शंख, नाणी, तिकिटे, मातीची भांडी या वस्तू आपल्याला जागच्या जागी ठेवायच्या असतात, कायमच्या चिकटवायच्या नसतात. अशा कामाला लागतो तो सुटणारा डिंक. तो कसा धरतो, कसा सोडतो आणि कोणत्या वस्तूला कोणता निवडावा, हे या लेखात पाहू या.

चिकटणे म्हणजे काय?

काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या चिकटत नाहीत. वास्तविक कोणत्याही दोन पदार्थांचे रेणू पुरेसे जवळ आले की त्यांच्यात क्षीण विद्युत् आकर्षण निर्माण होते. डच शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला व्हान डर वाल्स आकर्षण म्हणतात. परंतु 'पुरेसे जवळ' याचा अर्थ मिलिमीटरचा दहा लाखांवा भाग किंवा त्याहूनही कमी. आपल्याला गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग या मापाने पाहिला तर सह्याद्रीसारखा डोंगरदऱ्यांचा असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की फक्त काही शिखरे शिखरांना टेकतात आणि बाकी सर्वत्र हवा राहते.

गोंदाचे पहिले काम म्हणजे या दऱ्या भरून काढणे. त्यासाठी तो एकतर द्रव तरी हवा, नाहीतर कणकेसारखा मऊ तरी हवा. कार्ल डाल्क्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने चिकटपट्ट्यांचा अभ्यास करून एक ढोबळ मर्यादा सांगितली आहे. पदार्थाचा दृढतांक सुमारे ३ लाख पास्कलपेक्षा कमी असेल, तर तो नुसत्या बोटाच्या दाबाने दऱ्यांत शिरू शकतो आणि चिकट वाटतो. साधे रबर याहून काहीसे ताठ असते, म्हणून रबरी फीत बोटाला चिकटत नाही. काच तर त्याहून हजारो पट ताठ असते.

दुसरे काम म्हणजे स्वतः न तुटणे. गोंदाच्या रेणूंची वस्तूशी जी ओढ असते तिला आसंजन म्हणतात आणि गोंदाच्या रेणूंची आपापसांत जी ओढ असते तिला संसंजन म्हणतात. मध पृष्ठभागावर छान पसरतो, पण त्याचे संसंजन फार कमी असते. त्यामुळे मधाने चिकटवलेले खेळणे घसरून खाली येते. एपॉक्सीमध्ये दोन द्रवांची रासायनिक क्रिया होऊन रेणूंचे एक अखंड जाळे विणले जाते. हे जाळे वितळत नाही आणि विरघळतही नाही. मग ताण पडला की साखळीतली सर्वांत कच्ची कडी तुटते. माझ्या ठोकळ्यावर ती कच्ची कडी स्फटिक ही होती. ॲपोफिलाइटच्या स्फटिकात अणूंचे थर असे रचलेले असतात, की एका विशिष्ट प्रतलात तो सहज चिरतो. याला पाटन म्हणतात.

यावरून पहिला नियम मिळतो. सांधा नेहमी वस्तूपेक्षा कमजोर असावा. काही बिनसलेच तर आधी सांधा सुटावा आणि वस्तू वाचावी. घरातल्या विजेच्या फ्यूजचे तत्त्व हेच आहे.

मग बळ किती हवे?

'कमजोर सांधा वस्तूला सांभाळील कसा?' अशी शंका तुम्हाला येईल. तर हिशेबच करून पाहू.

समजा, एक किलोग्रॅम वस्तुमानाची एक उभी मूर्ती आहे. तिची बैठक ८ सेंमी. बाजूची चौरसाकार असून गुरुत्वमध्य टेबलापासून १६ सेंमी. उंचीवर आहे. टेबलाला आडवा धक्का बसला, तर मूर्ती बैठकीच्या एका कडेवर कलंडू पाहील. त्या कडेपासून गुरुत्वमध्याचे आडवे अंतर ४ सेंमी. आणि उभे अंतर १६ सेंमी. आहे. म्हणून टेबलाचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या ४/१६, म्हणजे पाव पटीहून जास्त झाले, की मूर्ती कलंडू लागेल.

आता धक्का याच्या दुप्पट, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या निम्मा आहे असे धरा. मूर्तीला उलथवणारे परिबल (बल गुणिले टेकूपासूनचे अंतर) = १ × ४.९ × ०.१६ = ०.७८ न्यूटन-मीटर. तिचे वजन तिला सावरते, ते परिबल = १ × ९.८ × ०.०४ = ०.३९ न्यूटन-मीटर. उरलेले ०.३९ न्यूटन-मीटर आपल्या डिंकाने पुरवायचे आहे. बैठकीच्या कोपऱ्यांखाली मेणाच्या गोळ्या दाबल्या आहेत. कलंडण्याच्या कडेपासून दूरच्या दोन गोळ्या ७ सेंमी. अंतरावर आहेत. तेव्हा त्या दोघींवर मिळून ०.३९ ÷ ०.०७ = ५.६ न्यूटन एवढी ओढ पडेल. म्हणजे प्रत्येकीवर २.८ न्यूटन, अर्थात सुमारे २८५ ग्रॅम वजनाइतकी!

आपल्या महाराष्ट्रात भूकंप नवा नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा धरणात बसवलेल्या उपकरणाने धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ०.६३ पट त्वरण नोंदवले. हा आकडा वरच्या हिशेबात घालून पाहा. प्रत्येक गोळीवर येणारी ओढ सुमारे ४३५ ग्रॅम वजनाइतकी निघेल. खऱ्या भूकंपात जमीन वरखालीही हलते आणि इमारतीच्या वरच्या मजल्यांवर हादरा वाढतो, म्हणून तीन-चार पट जास्त तजवीज ठेवणे शहाणपणाचे. तरीही प्रत्येक गोळीने एक-दोन किलो वजन पेलले की काम भागते.

एपॉक्सीचा चांगला सांधा दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलोहून अधिक भार सोसतो. म्हणजे मी माझ्या खड्यासाठी गरजेच्या शेकडो पट बळ वापरले होते. खडा तर मूर्तीहून कितीतरी हलका होता. वाटाण्याएवढ्या मेणाने जे काम झाले असते, त्यासाठी मी त्याला जन्मठेप दिली!

पाल भिंत सोडते कशी?

धरण्याइतकेच सोडणेही महत्त्वाचे. त्याचा सर्वांत उत्तम नमुना आपल्या घराच्या भिंतीवर असतो. पाल छताला उलटी चालते, तेव्हा तिचा प्रत्येक पाय घट्ट चिकटतो आणि क्षणार्धात अलगद सुटतो. टोके या मोठ्या पालीवर अमेरिकेतील केलर ऑटम, रॉबर्ट फुल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले. या पालीच्या एकेका पायाखाली सुमारे पाच लाख सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाला शेकडो चपटी टोके फुटलेली असतात. ही टोके भिंतीच्या दऱ्याखोऱ्यांत इतकी जवळ जातात, की व्हान डर वाल्स आकर्षणावरच पाल टांगून राहते. तेथे डिंक नाही आणि चिकट द्रवही नाही. केस भिंतीशी सुमारे ३० अंशांहून जास्त कोन करू लागला, की तो आपोआप सुटतो. पाल आपली बोटे टोकाकडून उलटी वळवते आणि पाय सोलल्यासारखा सुटतो.

सोलणे आणि सरकवणे यांतला हा फरक नीट लक्षात घ्या. चिकटपट्टी पृष्ठभागाला समांतर ओढली, तर ओढ सगळ्या क्षेत्रफळावर वाटली जाते आणि पट्टी पुष्कळ भार पेलते. तीच पट्टी टोकाला धरून वर सोलली, तर सगळी ओढ एका बारीक रेषेवर एकवटते. ती रेषा सुटली की पुढची, मग त्यापुढची, अशी पट्टी थोड्या बळाने निघत जाते. भिंतीवर खुंट्या लावण्याच्या ज्या नव्या पट्ट्या मिळतात, त्यांची जीभ भिंतीला समांतर खाली ओढायची असते. ओढल्यावर पट्टी लांब होते आणि लांब होताना रबरासारखी बारीक होते. बारीक होता होता तिचे पृष्ठ कडेपासून आत क्रमाक्रमाने सुटत जाते. ही युक्ती गुळगुळीत, मजबूत पृष्ठभागासाठी ठीक आहे. चुन्याची जुनी भिंत असेल, तर पोपडाही बरोबर येतो.

संपर्क कमी ठेवणे ही आणखी एक युक्ती. स्पेन्सर सिल्व्हर या रसायनशास्त्रज्ञाने १९६८ साली एक विचित्र गोंद तयार केला. त्यात डिंकाचे सूक्ष्म, न फुटणारे गोल मणी होते. कागद फक्त त्या मण्यांच्या माथ्यांना चिकटे, म्हणून तो धरे बेताचा आणि सुटे अलगद. अशा 'कमकुवत' गोंदाचा उपयोग काय, हे बरीच वर्षे कोणालाच सुचेना. पुढे त्यातूनच चिकटवून काढता येणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या जन्मल्या आणि १९८० साली त्या अमेरिकेच्या बाजारात सर्वत्र आल्या.

सुटणाऱ्या डिंकांची दोन घराणी

पहिले घराणे कधीच न वाळणाऱ्यांचे. भित्तिपत्रके लावण्यासाठी जी पुट्टी मिळते ती कृत्रिम रबर, तेल आणि खडूसारखी पूड यांची मळलेली कणीकच असते. ती जितक्या सावकाश ओढाल तितकी वाहते, आणि जितक्या झटक्याने ओढाल तितकी ताठ होते. म्हणून ती धक्क्याला दाद देत नाही, पण हळूहळू पिळून काढल्यास सुटते. वस्तुसंग्रहालयांत वापरतात ते मेणही याच घराण्यातले. खनिज तेलापासून मिळणारे सूक्ष्मस्फटिकी मेण पारदर्शक दिसेल इतक्या पातळ थरात काचेच्या व चिनी मातीच्या वस्तूंखाली लावतात. कॅलिफोर्नियासारख्या भूकंपप्रवण प्रदेशात ही पद्धत रुळलेली आहे.

दुसरे घराणे वाळून घट्ट होणाऱ्यांचे, पण योग्य द्रवात पुन्हा विरघळणाऱ्यांचे. आपल्याकडची खळ याच जातीची. गव्हाच्या सत्त्वाची शिजवलेली खळ कागद-संरक्षक तज्ज्ञ आजही वापरतात, कारण शंभर वर्षांनीसुद्धा ओलावा दिला की ती सैल पडते. मात्र पिठाची खळ नको. पिठातल्या प्रथिनांवर कसर व झुरळे तुटून पडतात. दगड, मातीची भांडी व हाडे यांसाठी पॅरालॉइड बी-७२ नावाची ॲक्रिलिक राळ वापरतात. ती ॲसिटोनमध्ये विरघळते. तिचे रेणू लांब साखळ्यांचे असतात, पण एपॉक्सीसारखे एकमेकांत विणलेले नसतात. म्हणून ॲसिटोनचे रेणू त्यांच्यामध्ये शिरून त्यांना सुटे करू शकतात.

हा भेद विसरल्याची फार मोठी किंमत एका जगप्रसिद्ध वस्तूला मोजावी लागली. ऑगस्ट २०१४ मध्ये कैरोच्या संग्रहालयात तुतनखामेन राजाच्या सोन्याच्या मुखवट्याची दाढी निखळली. घाईघाईने ती एपॉक्सीने चिकटवण्यात आली. गोंद बाहेर आला, तो खरवडताना ओरखडाही उठला. जानेवारी २०१५ मध्ये ही बातमी जगभर पसरली. मग जर्मन तज्ज्ञ ख्रिस्तियान एकमान यांच्या नेतृत्वाखाली एका पथकाने तो गोंद लाकडी हत्यारांनी हळूहळू काढला. दाढी पुन्हा बसवताना त्यांनी काय वापरले असेल? साधे मधमाश्यांचे मेण! १६ डिसेंबर २०१५ रोजी मुखवटा पुन्हा प्रदर्शनात आला. दहा किलोंहून अधिक वजनाच्या या मुखवट्याची दाढी जर मेण सांभाळू शकते, तर आपल्या कपाटातल्या वस्तूंसाठी ते कमी का पडावे?

चिकटपट्टीनेही असाच घात केला आहे. मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन लेखपटांचे तुकडे १९५० नंतरच्या दशकात विद्वानांनी पारदर्शक चिकटपट्टीने जुळवले. त्या काळी ते सोयीचे वाटले. पण पट्टीचा डिंक कालांतराने कातड्यात झिरपला आणि कडा काळवंडल्या. ती पट्टी व तिचे डाग काढण्याचे काम जेरुसलेममध्ये कित्येक वर्षे चालू राहिले. म्हणजे पट्टी आज सुटते, एवढे पुरेसे नाही. ती वीस वर्षांनी सुटेल का, हेही विचारले पाहिजे.

आपल्या उन्हाळ्याचे काय?

परदेशी पुस्तकातला सल्ला जसाच्या तसा उचलला, तर आपल्याकडे एक अडचण येते. बहुवारिक पदार्थ एका ठराविक तापमानाच्या आसपास काचेसारखी ताठ अवस्था सोडून मऊ होतात. पॅरालॉइड बी-७२ साठी हे तापमान सुमारे ४० अंश सेल्सिअस आहे. लंडनच्या संग्रहालयात ही गोष्ट लक्षातही येणार नाही. पण चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छपराखालचे बंद कपाट त्याहून तापते. अशा ठिकाणी जड वस्तूचा सांधा दिवसा दिवसा कणाकणाने घसरू शकतो. म्हणून उष्ण प्रदेशात ६० अंशांच्या आसपास मऊ होणारी बी-४४ ही त्याच कुटुंबातली राळ काही वेळा पसंत करतात.

मेणाचेही तसेच. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६५ अंशांना वितळते, पण मऊ पडायला त्याच्या बरेच आधी सुरुवात होते. तेव्हा मेणाने फक्त वस्तूला सरकू वा कलंडू देऊ नये, वस्तूचे वजन मात्र फळीनेच पेलावे. उभ्या भिंतीवर मेणाने वस्तू टांगणे म्हणजे मे महिन्याला आमंत्रण देणे होय. कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर नसावे, हा साधा उपाय कोणत्याही महागड्या डिंकाइतकाच मोलाचा आहे.

कोणत्या वस्तूला काय?

आधी आधार, मग डिंक, हे सूत्र धरून चाला. वस्तू तीन टेकूंवर स्थिर बसत असेल, तर डिंकाला फारसे काम उरत नाही.

खनिजे: आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट यांसारखी झिओलाइटे, त्यांच्या जोडीने ॲपोफिलाइट आणि पुण्याजवळच्या वाघोलीचे निळे कॅव्हन्साइट सापडते. हे नमुने जगभरच्या संग्रहालयांत पोचले आहेत. ठोकळ्यावर बसवताना स्फटिकाला हात न लावता खालच्या खडकाच्या भागाला पुट्टीची छोटी गोळी लावावी. खडक सच्छिद्र असेल, तर पुट्टीतले तेल शोषले जाऊन डाग पडतो. तेथे मेण बरे, किंवा नुसता कापसाचा खळगा. अडकलेला नमुना तापवून सोडवण्याच्या भानगडीत पडू नका. या खनिजांच्या घडणीतच पाणी असते. ॲपोफिलाइटला तर त्याचे ग्रीक नावच मुळी तापवल्यावर त्याचे पापुद्रे सुटतात म्हणून मिळाले आहे.

शंख-शिंपले: हे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. अम्लाने कॅल्शियम कार्बोनेट विरते, हा प्रयोग तुम्ही शाळेत केलाच आहे. म्हणून वाळताना व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉनचा लुकण येथे वापरू नये. तो वास ॲसेटिक अम्लाचाच असतो. बंद कपाटात ही वाफ शिंपल्यांवर पांढरी भुकटी आणते. शंखांना कापसाची गादी उत्तम.

तिकिटे, छायाचित्रे, जुने कागद: चिकटपट्टी व पुट्टी दोन्ही वर्ज्य. तिकिटांसाठी ग्लासीन कागदाच्या सोलून काढता येणाऱ्या बिजागऱ्या मिळतात. नवे, मागचा गोंद शाबूत असलेले तिकीट तर पारदर्शक खिशातच ठेवावे. छायाचित्रांना चार कागदी कोपरे लावले, की डिंक फक्त कोपऱ्यांना लागतो आणि छायाचित्र मोकळे राहते.

नाणी: नाण्याला कोणताही डिंक लावू नका. नाण्याच्या मापाचे भोक पाडलेला जाड पुठ्ठा पुरेसा आहे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांपासूनही सावध राहा. तांब्याच्या नाण्यांवर त्याने हिरवट चिकटा येतो.

काच व चिनी माती: यांचे पृष्ठ गुळगुळीत व न शोषणारे असते, म्हणून मेण येथे सर्वांत शोभते. रंगवलेली लाकडी किंवा मातीची वस्तू मात्र वेगळी. तिच्या रंगाची लाकडावरची पकड मेणाहूनही कच्ची असू शकते. तिला बैठकीभोवती छोट्या पट्ट्यांचे कुंपण करावे.

काढताना वस्तू कधीही वर उचकटू नका. बैठक दोन्ही हातांनी धरून अगदी सावकाश पीळ द्या आणि वीस-तीस सेकंद तसाच धरून ठेवा. पुट्टी वा मेण वाहू लागते आणि सांधा सुटतो. वस्तू मोठी असेल, तर खालून मजबूत दोरा करवतीसारखा ओढून सांधा कापावा. उरलेली पुट्टी त्याच पुट्टीच्या मोठ्या गोळ्याने टिपून घ्यावी.

तीन प्रयोग

१. एकाच चिकटपट्टीचे दोन सारखे तुकडे घ्या. स्टीलच्या उभ्या डब्याला पहिल्याची ५ सेंमी. लांबी उभी चिकटवा आणि खाली मोकळ्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. दुसरा तुकडा डबा आडवा धरून त्याच्या खालच्या बाजूला चिकटवा आणि त्याच्या एका मोकळ्या टोकाला पिशवी लावा, म्हणजे तो सोलला जाईल. पिशव्यांत मोजून पाणी ओतत जा. दोन्ही वेळा किती पाण्याला पट्टी सुटली?

२. पुट्टीच्या एका ग्रॅमच्या तीन गोळ्या करा आणि त्यांनी तीन सारख्या फरशांवर ५० ग्रॅमचे वजन चिकटवा. फरश्या उभ्या ठेवा. एक माठाजवळच्या गारव्यात, एक खोलीत आणि एक उन्हात. दर तासाला वजन किती मिलिमीटर घसरले ते मोजून तापमानाशी आलेख काढा.

३. पुट्टी, मेण आणि खळ यांचा एकेक ठिपका कौलाच्या तुकड्यावर, टीपकागदावर आणि काचेवर लावा. पंधरा दिवसांनी काढून मागे काय उरले ते पाहा. तुमच्या वस्तूसाठी निवड करण्याआधी तिच्याच जातीच्या टाकाऊ तुकड्यावर ही परीक्षा घ्यावी.

शिक्षकांना एक विनंती. ॲसिटोन भराभर पेट घेते. राळेचा प्रयोग करायचा असल्यास तो स्वतः, उघड्या खिडकीजवळ, दिवा-शेगडीपासून दूर करून दाखवावा.

शेवटी एक काम राहते आणि त्याला पैसा लागत नाही. वस्तूच्या चिठ्ठीवर तिचे नाव व ठिकाण जसे लिहिता, तसेच मागच्या बाजूला ती कशाने बसवली आणि कोणत्या तारखेला, हेही लिहा. आज तुम्ही नववीत आहात. दहा वर्षांनी ते कपाट उघडणारा विद्यार्थी तुम्हाला ओळखत नसेल. सांध्याला पाणी लावायचे, पीळ द्यायचा की ॲसिटोन आणायचे, हे त्याला त्या चिठ्ठीवरूनच कळेल.

आमच्या कपाटातल्या त्या दोन तुकड्यांखालीही अशी चिठ्ठी आहे. सुटा तुकडा मेणाच्या गोळीवर बसवला आहे. काही वर्षांनी तो मुलगा त्याच्या लहान मुलीला घेऊन कॉलेज दाखवायला आला, तेव्हा मी हळूच पीळ देऊन तो तुकडा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. "न्यायचा का?" मी विचारले. वडिलांकडे पाहून तिने मान हलवली आणि तो घरी गेला. आता आमच्याकडे आहे तो त्याचा रिकामा ठोकळा, त्यावरचा मेणाचा ठसा आणि शेजारी एपॉक्सीने धरून ठेवलेला उरलेला अर्धा स्फटिक. लेखाच्या सुरुवातीला 'दोन तुकडे' असे मी सवयीने लिहिले खरे, पण फळीवर आज एकच आहे.